ठाण्याहून स्कूबाची सहल: तारकर्ली, नेत्राणी की हॅवलॉक?

दिवाळी जवळ आली की नौपाड्यापासून वाशीपर्यंतचे ट्रॅव्हल एजंट स्कूबाची पॅकेजं दाखवू लागतात. ती विकताना तीन गोष्टी हमखास ऐकू येतात: दर कमी, व्हिडिओ फुकट, पोहता यायची गरज नाही. या तिन्हींवरून सहल कशी आहे ते अजिबात कळत नाही. पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न दोनच. एका इन्स्ट्रक्टरबरोबर पाण्यात किती जण असतात? आणि पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं मिळतात?

पहिल्याचं उत्तर ‘एकास एक’ असेल तर उत्तम, ‘दोन’ असेल तरी चालेल. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ४ जण, १२ मीटरची मर्यादा आणि किमान वय १० वर्षं आहे. पण चार नवखे एकाच्या हाती म्हणजे एकाचा मास्क काढून दुरुस्त करेपर्यंत बाकी तिघं वाऱ्यावर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पडताळून पाहता येतं. नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं एकक) भरलेला. म्हणजे साधारण २२०० लिटर हवा. वर येताना ५० बार शिल्लक ठेवायचे, म्हणजे वापरायला १६५० लिटर. नवखा माणूस घाबरून मिनिटाला २५ लिटर ओढतो असं धरू. ५ मीटरवर दाब दीडपट, म्हणून खर्च ३७-३८ लिटर. तरी चाळीस मिनिटं निघतात. मग दहाव्या-बाराव्या मिनिटाला ‘हवा संपली’ म्हणून वर आणत असतील, तर सिलिंडर मुळात पूर्ण भरलेलाच नव्हता. पाण्यात उतरण्याआधी प्रेशर गेज स्वतः वाचा. काटा १२० वर असेल, तर तो सिलिंडर आधी कुणीतरी वापरलेला आहे, बदलून मागा. हे मागायला लाजू नका, चांगला डाइव्ह सेंटर स्वतःहून गेज दाखवतो.

मालवणचं बोलू, कारण आपल्याकडून सर्वाधिक लोक तिथेच जातात. रात्री ठाण्याहून किंवा पनवेलहून कोकणकन्या, सकाळी कुडाळ, पुढे तासाभराचा रस्ता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नांगरलेल्या बोटींवरून जो ‘स्कूबा’ होतो, त्यात गाइड मागून सिलिंडर धरतो आणि तुम्हाला पाच-सहा मीटरवर फिरवून आणतो. पाण्याखाली श्वास घेऊन बघायचा असेल तर ठीक. पण रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं, तोंडात धरायचं उपकरण) तोंडातून निघाला तर काय करायचं, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने कसं बाहेर फुंकायचं, हे बोटीवर दोन मिनिटांत उरकलं जातं, आणि नेमकं तिथेच लोक घाबरतात. फोटोसाठी माशांना ब्रेड-बिस्किटं टाकणारी बोट सरळ नाकारावी. माशांच्या खाण्याच्या सवयी बिघडतात आणि प्रवाळावर त्यांचं जे चरणं चालतं तेही सुटतं.

त्याऐवजी तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. तिथे सरावासाठी खास खोल तलाव आहे. आधी तलाव, मग समुद्र हा क्रम मिळाला की समुद्रातली पहिली पाच मिनिटं धडपडीत जात नाहीत. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना आमची शिफारस हीच. डिसेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात सगळं बंद असतं, आणि मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट जाता-येता दोन्ही वेळा अंगावर हवं, डाइव्ह संपली म्हणून काढून बसू नये.

गोव्यातली ग्रँड आयलंडची बार्बेक्यूवाली सहल स्कूबासाठी घेऊ नका. गर्दी जास्त, पाणी बहुधा गढूळ, आणि तुमचा नंबर येईपर्यंत बोटीवर डोलत बसावं लागतं.

खरं पाणी बघायचं तर कर्नाटकातलं नेत्राणी बेट. मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी ठाण्याला पकडली की पहाटे मुर्डेश्वर. किनाऱ्यापासून बेट सुमारे १९ किलोमीटर, बोटीला तास-दीड तास लागतो आणि लाटा भरपूर. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा आणि आधी घरी घेऊन बघा, काहींना तिने इतकी झोप येते की डाइव्हच करू नये. मालवणपेक्षा पाणी बरंच स्वच्छ, माशांचे थवे मोठे.

अंदमानात चूक होते ती पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात हॅवलॉक उरकण्याची. (नावं आता श्री विजयपुरम आणि स्वराज द्वीप, बोर्डांवर दोन्ही दिसतात.) खासगी बोटीला जाताना दीड-दोन तास, येताना तेवढेच. चांगल्या डाइव्ह बोटी सकाळी लवकर सुटतात, त्या चुकतात. मग दुपारी निमो रीफवर किनाऱ्यावरून घाईची एक डाइव्ह पदरात पडते. बेटावर किमान दोन रात्री राहा. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या जागा खोल आहेत, प्रमाणपत्र असलेल्यांसाठीच. नवख्याला तिथे नेतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करून मोकळं होऊ नका. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. गरोदरपणात डाइव्ह करूच नये. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. गोळी घेऊन उतरलात आणि पाण्याखाली तिचा असर संपला, की वर येताना कानातली हवा अडकते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कानांना सगळ्यात जास्त त्रास पहिल्या पाच मीटरांतच होतो. खाली जाताना दर मीटरला नाक दाबून हलकेच फुंकायचं. दुखलं तर मीटरभर वर यायचं, जोर लावायचा नाही.

परतीचा हिशेबही आधीच करा. डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेच्या सल्ल्यानुसार एका डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबावं. घाटालाही हाच तर्क लागतो, हे फारसं कुणी सांगत नाही. हा सल्ला सुमारे ६०० मीटर उंचीपासून लागू होतो. आंबोली जवळपास ७०० मीटरवर आहे आणि कोल्हापूर-पुण्यावरून आलात तर पुढे लोणावळाही आहे. दोन खोल डाइव्ह करून संध्याकाळी गाडी काढणार असाल तर मुंबई-गोवा महामार्गाने या, किंवा सरळ कुडाळहून रेल्वेने.