झुबारा की जुमैल? दोह्याहून एका दिवसात काय बघाल

कतारमध्ये, दोह्यात नवीन आलेले लोक हमखास विचारतात, एकच सुट्टी आहे तर झुबाराचा किल्ला बघू की ते समुद्राकाठचं ओसाड गाव अल जुमैल? दोन्ही उत्तरेकडेच आहेत, झुबारा दोह्यापासून साधारण १०० किमी आणि तिथून जुमैल गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास, पण दोन्हीकडे मिळणारी गोष्ट फार वेगळी आहे.

किल्ल्याबद्दल आधी एक सांगते, तो दिसतो तेवढा जुना नाहीये, १९३८ चा आहे, कतारचे तेव्हाचे शासक शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी बांधलेला, आणि नंतर बरीच वर्षं तिथे सीमेवर पहारा देणाऱ्यांचं ठाणं होतं. जंजिरा, सिंधुदुर्ग बघितलेल्या माणसाला तर तो वाड्याएवढाच वाटतो. चार कोपऱ्यांत चार बुरूज, त्यातले तीन गोल आणि एक चौकोनी. बरेच लोक इथे फोटो काढतात आणि परत फिरतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण खरा खजिना किल्ल्याच्या पुढे समुद्राकडे वाळूत आहे! १८व्या शतकातलं मोत्यांच्या व्यापाराचं अख्खं शहर, १८११ मध्ये हल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं, समुद्राच्या बाजूने उघडं आणि बाकी सगळीकडून अडीच किलोमीटरच्या तटबंदीने वेढलेलं. झुबारा २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं ते या शहरामुळे. घरांच्या, बाजाराच्या भिंतींच्या खुणा दिसतात, बाकी बहुतेक भाग अजून खोदलेलाच नाही. आखातातले मोती तेव्हा मुंबईच्या बाजारात यायचे, हे आठवलं की तिथे उभं राहून जरा आतून हलायला होतं.

जुमैलला पाटी-माहिती फारशी नाही. मशिदीचा मिनार, समुद्री दगडांची पडकी घरं, दारांच्या रिकाम्या चौकटी आणि पलीकडे उथळ निळं पाणी. मासेमारी आणि मोत्यांवर जगणारं हे गाव, वस्ती १९व्या शतकातली, म्हणजे किल्ल्यापेक्षा जुनी. जपानी कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या) मोत्यांनी या किनाऱ्याचा धंदाच बसवला, मग तेल आलं, आणि लोक हळूहळू निघून गेले. कोकणात बंद घरं बघितलेल्या कुणालाही हे गाव ओळखीचं वाटेल.

लहान मुलं किंवा आईबाबा सोबत असतील तर झुबारा, सावली आहे, आत छोटं प्रदर्शन आहे. जुमैलला सावली नाही, टॉयलेट नाही, रस्ता शेवटी कच्चा आहे. भिंतींवर मात्र कुणीही चढू नका, दगड सुटे झालेत.

मला एकच निवडायला सांगितलं तर जुमैल. पण नोव्हेंबर ते मार्चमध्ये जात असाल तर दोन्ही होतं, सकाळी लवकर झुबारा, आधी वाळूतलं शहर आणि ऊन चढलं की किल्ला, दुपारी जवळच्या अल शमाल गावात जेवण आणि पेट्रोल, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी जुमैल, पाणी मात्र भरपूर घेऊन.