ओझर विमानतळ धुळे-मालेगावकडून वापरताना: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

धुळे, मालेगाव, सटाणा, चाळीसगाव या पट्ट्यातून विमानाने जायचं म्हटलं की अजूनही घरात पहिलं नाव मुंबईचंच निघतं. रात्री निघायचं, कसारा घाट, भिवंडीचा बायपास, आणि सकाळी विमानात बसेपर्यंत अर्धा जीव गेलेला. दिल्ली, बंगळुरू, हैदराबादला जाणाऱ्यांसाठी नाशिकजवळचं ओझर हा त्यापेक्षा कितीतरी बरा मार्ग आहे. फक्त तो वापरायची रीत वेगळी आहे. धावपट्टी एचएएल या सरकारी विमान कारखान्याची, शेजारी हवाई दलाचा 11 बेस रिपेअर डेपो, म्हणजे विमानं दुरुस्त करण्याचं केंद्र, आणि आपण प्रवासी तिथले तिसरे. हे ध्यानात ठेवून तिकीट काढलं तर त्रास होत नाही. विसरलं तर होतो.

आधी हा विमानतळ कोणाच्या सोयीचा ते पाहू. धुळे ते टर्मिनल साधारण 140-145 किलोमीटर, मालेगावहून 90-95. नंदुरबार-नवापूरवाल्यांना सुरत जवळ, रेल्वेही थेट. शिरपूरकरांनी इंदूरचं भाडं एकदा ताडून बघावं. जळगाव-भुसावळवाल्यांनी आधी जळगावचं वेळापत्रक पाहावं, कारण घरापासून अर्ध्या तासावरचं विमान सोडून सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाणण्यात काही हशील नाही. पण जळगावची धावपट्टी साधारण 1700 मीटरची आहे. तिथे एटीआरसारखी सत्तर-पंचाहत्तर आसनांची पंख्याची विमानं उतरतात. एअरबस ए320 भरून उडवायला जास्त लांबी लागते, त्यात खान्देशातला मे महिना. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. ओझरची धावपट्टी 3000 मीटर लांब आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर असूनही 180 आसनांचं विमान तिथून उन्हाळ्यात सहज निघतं. ही लांबी लढाऊ विमानांसाठी केलेली. 1964 साली मिग-21 बनवण्यासाठी इथे कारखाना आला, पुढे मिग-27, मग सुखोई-30 एमकेआय. प्रवासी टर्मिनल 2014 चं, म्हणजे अगदी अलीकडचं. धुळ्याच्या गोंदूरलाही धावपट्टी आहे, पण तिथे वैमानिक प्रशिक्षण चालतं, प्रवासी सेवा नाही.

आता सामायिक धावपट्टी म्हणजे नेमकं काय, ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण उशिराची निम्मी कारणं तिथेच असतात. कारखान्यातून नवं किंवा दुरुस्त होऊन निघालेलं प्रत्येक लढाऊ विमान ताब्यात देण्याआधी हवेत तपासावं लागतं. ते उड्डाण सुरू असताना काही बिघाडाचा इशारा आला, तर धावपट्टी आधी त्याला. सुखोई उतरल्यावर वेग मारण्यासाठी शेपटाकडून ब्रेक पॅराशूट सोडतं. ते नंतर विमानापासून सुटून खाली पडतं आणि कर्मचारी ते उचलून नेतात. धावपट्टीवर दोरीचा तुकडा, खडा, स्क्रू, काहीही राहिलं तर पुढच्या विमानाच्या इंजिनात ओढलं जाऊ शकतं. म्हणून पाहणी झाल्याशिवाय पुढच्या विमानाला वाट मिळत नाही. खिडकीतून बघणाऱ्याला धावपट्टी रिकामी दिसते आणि आपलं विमान मात्र कडेला इंजिन चालू ठेवून उभं असतं. हे दहा-वीस मिनिटांचं थांबणं इथे नेहमीचं आहे, त्यावरून केबिन क्रूशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. 17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकच्या उत्पादन साखळीतल्या पहिल्या तेजस मार्क 1ए या लढाऊ विमानानं इथूनच उड्डाण केलं. म्हणजे चाचणी उड्डाणांचं काम इथे वाढणार, कमी होणार नाही. कुंभमेळ्याच्या निमित्ताने समांतर दुसऱ्या धावपट्टीचं ठरलं आहे. ती प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत मात्र हा हिशेब असाच राहील.

लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. सुखोई आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारी ज्वाला, लावून निघतं तेव्हा आधी खुर्चीच्या लोखंडी दांडीत कंप जाणवतो, मग काच थरथरते, आणि मग आवाज कानावर आदळतो. पाच-सात सेकंदांत संपतं. झोपलेलं मूल मात्र किंचाळत उठतं. कापसाचे बोळे खिशात असू द्यावेत.

फोटोचं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. विमान नियम 1937 मधल्या 13 व्या नियमानुसार विमानतळावर आणि उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायला मुळातच बंदी आहे. नागरी विमानतळावर सेल्फीकडे कोणी फार बघत नाही, इथे बघतात. मे 2025 मध्ये डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं संरक्षण दलांच्या विमानतळांसाठी, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, विमान 10,000 फुटांच्या खाली असताना खिडक्यांची झाकणं लावून ठेवायचा आदेशही काढला होता. असे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलतात, तेव्हा त्या दिवशी क्रू सांगेल ते ऐकायचं. टर्मिनलच्या दारातला कुटुंबाचा फोटो हवा असेल तर तिथल्या जवानाला विचारूनच काढा, आणि मागे काय दिसतंय ते बघा.

धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवायची असेल तर आठवडा-दोन आठवडे सलग बंद राहते. 2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे असंच झालं होतं. 2021 च्या ऑक्टोबरात पुण्याचा लोहगाव विमानतळ, तोही हवाई दलाचा, 14 दिवस बंद होता. याची सूचना नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेत येते. नोटॅम वाचणं अवघड नाही. ओझरचा संकेत व्हीएओझेड. वेळ दहा आकडी असते: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटं, प्रत्येकी दोन आकडे. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणून त्यात साडेपाच तास मिळवायचे. 2212030230 असा आकडा दिसला तर तो 3 डिसेंबर 2022, सकाळी 8 वाजता. लग्न, परीक्षा, ऑपरेशन अशा न चुकवता येणाऱ्या कामासाठी तिकीट काढलं असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा हे तपासावंच. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. त्या सुमारास छोट्या विमानतळांचे मार्ग गळतात किंवा वार बदलतात, त्यामुळे या तारखांच्या पलीकडचं तिकीट फार आधी काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिकीट एजंटकडून काढत असाल तर बुकिंगमध्ये मोबाईल नंबर कोणाचा टाकलाय ते बघा. आपल्याकडे बहुतेक एजंट स्वतःचाच नंबर टाकतात. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, तो दुकान बंद करून झोपलेला, आणि आपण पहाटे चांदवड ओलांडलेलं असतं. दुसरं म्हणजे पैसे. नीट कळवलंच नाही आणि विमान रद्द केलं, तर नियमाप्रमाणे पर्यायी विमान किंवा पूर्ण परताव्याशिवाय भरपाईही मिळते: तासाभराच्या उड्डाणाला 5000, दोन तासांपर्यंत 7500, त्यावर 10,000 रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. पण बुकिंगमध्ये प्रवाशाचा संपर्कच दिलेला नसेल तर हा हक्क जातो. सुरक्षेच्या कारणाने किंवा हवामानामुळे धावपट्टी बंद झाली तरीही भरपाई नाही, मात्र परतावा किंवा दुसरं विमान मिळायलाच हवं.

दिल्लीहून पुढे परदेशात जाणाऱ्यांनी दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्यावीत. वेगवेगळी असतील तर पहिलं विमान उशिरा गेल्याने दुसरं हुकलं, त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मग मध्ये सहा तास ठेवा, डिसेंबर-जानेवारीत आदल्या दिवशीच दिल्ली गाठा. त्या दिवसांत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जातो, द्राक्षबागांवर पहाटे धुकं बसतं, आणि दिल्लीचं धुकं वेगळंच. हिवाळ्यात दुपारचं विमान बघावं.

रस्त्याचं बोलायचं तर धुळ्याहून लळिंग, चांदवड आणि पिंपळगाव बसवंत हे टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये शिल्लक बघून निघा. गाडी अडते ती तीन जागी. उमराण्याला कांद्याच्या लिलावाच्या वेळी ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग हायवेवर येते. पुढे राहुड घाटात एखादा ट्रक बंद पडला की दोन-दोन तास खोळंबा होतो. तिसरं पिंपळगाव, टोमॅटोच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी जाणाऱ्या भाविकांमुळे मालेगावच्या अलीकडे-पलीकडे गाडी हळू चालवावी लागते, आणि ती हळूच चालवली पाहिजे. चेक-इन काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होतं. एवढं सगळं धरून धुळ्याहून विमानाच्या वेळेआधी साडेपाच तास, मालेगावहून चार तास ठेवावेत. पोचून तासभर बसावं लागलं तरी चालेल.

ओझर गाव आणि एचएएलची वसाहत दिसली की बरेच जण वळायला बघतात. तिथे वळायचं नाही. नाशिककडे पुढे जाऊन दहाव्या मैलावर उजवीकडे जानोरीचा रस्ता धरायचा, टर्मिनल तिकडे आहे. मोबाईलवर नुसतं ‘नाशिक एअरपोर्ट’ शोधू नका. नाशिक शहरात गांधीनगरची धावपट्टी वेगळी, ती लष्कराच्या हवाई शाखेची, तिथून प्रवासी विमानं नाहीत. एसटीने येणाऱ्यांनी कंडक्टरला ‘दहावा मैल’ थांबेल का हे बसण्याआधीच विचारावं, कारण जलद गाड्या उड्डाणपुलावरून सरळ निघून जातात. तिथून पुढे टर्मिनलपर्यंत रिक्षा आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवावी.

सामानात आपल्याकडची नेहमीची गडबड म्हणजे मसाला. काळा मसाला, मिरची पावडर, मिरचीचं लोणचं हे सगळं चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. हातातल्या बॅगेत असेल तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. सुकं अख्खं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. तुकडे किंवा कीस करून घेणं बरं. पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत. शेव आणि केळीचे वेफर्स कुठेही चालतात. वजन साधारणपणे 15 किलो आणि हातात 7 किलो, पण एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात, चाकांची मोठी बॅग तिथे बसत नाही.

परतीचं विमान संध्याकाळी उशिरा उतरणारं असेल तर नाशिकला मुक्काम करायचा की रात्रीच निघायचं हे आधीच ठरवा. रात्री दहाव्या मैलावर उभं राहून धुळ्याची एसटी मिळेल या भरवशावर राहू नये. नाशिकच्या महामार्ग बसस्थानकावर किंवा द्वारका चौकात जाऊन गाडी धरावी. स्वतःचा ड्रायव्हर बोलवायचा असेल तर त्याला वेळ विमान उतरण्याची द्या, पण आधी पिंपळगावला थांबायला सांगा. तिथे जेवण मिळतं, आणि विमान उतरल्याचा फोन आला की अर्ध्या तासात तो टर्मिनलला पोचतो.