लघुचित्रातले रणजितसिंह: दाढीला पैकीच्या पैकी, दागिन्यांत नापास

अमृतसरला दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या वाटेवरच्या एका दुकानातून महाराजा रणजितसिंहांचं हातानं रंगवलेलं लघुचित्र घेतलं. वीतभर उंच, चौकटीसकट 4,500 रुपये. दुकानदार 6,000 वरून उतरला, म्हणजे अजून ताणायला हवं होतं.

मी घड्याळजी, डोळ्याला लावायचं भिंग कायम खिशात. दुकानातच लावलं. दाढी अप्रतिम! एकेक पांढरा केस सुटा, हनुवटीशी दाट आणि टोकाला विरत गेलेला. कुंचला खारीच्या केसांचा असं दुकानदार म्हणाला, ते दाढी बघूनच पटलं. वसलीही खरी, म्हणजे कागदावर कागद खळीनं चिकटवून घोटलेली. तिरकी धरली की तुळतुळीत चमकते. चेहरा एकचष्म, म्हणजे एकच डोळा दिसेल असा, उजव्या बाजूनं. देवीत महाराजांचा डावा डोळा गेला होता आणि स्वतःचं चित्र काढून घ्यायला ते फारसे राजी नसत, हे चित्रकाराला ठाऊक असावं.

मग दागिने. गळ्यात पाच पदर, पगडीवर शिरपेच, दहा बोटांत अंगठ्या. 1838 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडचा लष्करी सचिव ऑस्बर्न याला महाराज दिसले ते साध्या पांढऱ्या कपड्यांत, कमरेला मोत्यांची एक माळ आणि दंडावर कोहिनूर, बस्स. झगमगाट शेजारच्या हिरासिंग डोगरासारख्या लाडक्या दरबाऱ्यांचा. माझ्या चित्रात राजालाच हिरासिंग करून टाकलंय.

परतताना चंदीगडच्या सेक्टर 10 मधल्या सरकारी संग्रहालयात गेलो. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहातला भारताचा वाटा तिथे आहे. शीख दरबाराची जुनी चित्रं तासभर बघितली. रणजितसिंहांनी 1809 मध्ये काँगड्याचा किल्ला घेतला, पुढे तिकडचे पहाडी चित्रकार शीख सरदारांसाठी रंगवू लागले. त्यांची नाजूक रेघ तिथे लगेच ओळखू येते. माझ्या चित्रात ती दाढीपुरतीच आहे.

सोनं '24 कॅरट' म्हणे, बिलावर मात्र नुसतं 'पेंटिंग'. काच थेट रंगाला टेकली होती. मी मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून घेतली. तुम्हीही घाला, नाहीतर दमटपणानं रंग काचेला चिकटेल.

चंदीगडहूनच दुकानात फोन केला. पांढऱ्या कपड्यांतले, बिनदागिन्यांचे महाराज मिळतील का?

"साहेब, तसे कोणी घेत नाही. मुद्दाम काढावे लागतील, 500 जास्त पडतील."

ऑर्डर दिली आहे. दाढी त्याच हातची हवी, एवढं बजावलंय.