पोटावरून की कुशीतून? मळ्यातल्या कुत्रीची नसबंदी
मळ्यातली कुत्री असेल तर टेबलावर घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा, पोटावरून करणार की कुशीतून? पहिल्या वेळी मी विचारलं नव्हतं.

चोपड्याकडे आमची केळी आहे. तिथल्या दोन कुत्र्यांची ऑपरेशनं झाली. काळीचं पोटावरून, चिंगीचं उजव्या कुशीतून, म्हणजे बरगड्या आणि मांडीच्या मधल्या बाजूने. आतलं काम तेच, बीजांडं आणि गर्भाशय काढायचं; फरक शिरायच्या वाटेचा.

पोटावरची वाट डॉक्टरांना सोयीची, हे मान्यच. मधोमध दोन्हीकडचे स्नायू जिथे जुळतात त्या पांढऱ्या रेघेवर चीर घेतली की रक्त कमी जातं, दोन्ही बीजांडं हाताशी येतात, अडलंच तर चीर वाढवता येते. गर्भाशयात पू झाला असेल तर हीच वाट बरी. कुशीतून स्नायूंचे तीन थर ओलांडावे लागतात, डावं बीजांड लांब पडतं, लठ्ठ कुत्री असली तर शोधाशोध. उजवीच कूस घेतात, कारण उजवं बीजांड बरगड्यांकडे जास्त सरकलेलं असतं. अवघड बाजूनेच शिरलेलं बरं.

एवढं ऐकून कुणीही पोटावरूनच म्हणेल. पण काळीचं ऑपरेशन झालं एप्रिलच्या शेवटी, आणि आपल्याकडचा एप्रिल काही सांगायला नको. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गायब. सापडली केळीत. ठिबकच्या नळीखालची ओली माती उकरून, खड्ड्यात पोट टेकवून निवांत पडलेली. टाक्यांवर काळ्या मातीचा लेप. धुतलं, औषध लावलं, बांधलं. दुसऱ्या दिवशी दोर कुरतडून पुन्हा तिथेच. आई म्हणाली, "ती काय तुन्हं आयकस?" गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरने चाटणं थांबलं, पोट टेकवणं कसं थांबणार? त्यात जखम बघायची तर दोघांनी धरून उताणी करायची. राखणीची कुत्री ती. माझ्या मनगटावर अजून खूण आहे. सहाव्या दिवशी वरचे दोन टाके सुटले. आतले धरून होते म्हणून निभावलं, पण दहा-बारा दिवसांचं काम महिन्यावर गेलं.

चिंगीची जखम मी ओट्यावर चहा पिता पिता बघायचो. ती पोटावर पसरली तरी टाके मातीला लागत नव्हते. पहिले दोन दिवस मात्र जरा आखडून चालली. स्नायूंमधून गेल्यावर दुखणारच, वेदनेच्या गोळ्या चुकवू नका. तिचं दिवाळीनंतर केलं, त्यामुळे थंडीचाही हात असेल, नाकारत नाही. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीही बऱ्याच ठिकाणी कूसच निवडतात, ती याच कारणाने: जखम लांबून दिसते. पिल्लं नुकतीच दुधावरून तुटलेली असली, तर दुधाने सुजलेल्या आचळांनाही धक्का लागत नाही.

दुर्बिणीतून करणं सगळ्यात सुखाचं म्हणतात. दोन-तीन बारीक छिद्रं, बहुधा फक्त बीजांडं काढायची, दुखणं कमी. पण त्यासाठी मुंबई-पुणे गाठायचं, कुत्रीला गाडीत ओकत न्यायचं. मी त्या वाटेला गेलो नाही.

घरात फरशीवर वावरणारी कुत्री असेल तर पोटावरून बिनधास्त करा. आणि डॉक्टरांचा हात ज्या वाटेवर बसलाय ती बदला म्हणून गळ घालू नये. बीजांडाचा तुकडा आत राहिला तर कुत्री पुन्हा माजावर येते. मी फक्त दोन्हीकडे हात बसलेला डॉक्टर शोधला, थोडा लांबचा.

आता तिसरी आहे, भुरी. तिचा माज संपून महिना झाला, अजून दोनेक महिने थांबायचं. कुशीतूनच, असं सांगून ठेवलंय.