‘ते पैसे या नंबरवर पाठवा’ : टांझानियात घरभाड्याचे पंधरा लाख शिलिंग कसे गेले

टांझानियात स्वयंसेवी शिक्षक म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः जानेवारीत शाळा उघडताना येथे पोहोचणाऱ्यांनी, हे वाचावे म्हणून लिहीत आहे. मोरोगोरो येथे घरभाड्याच्या नावाखाली माझे १५,१०,००० शिलिंग, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५० हजार रुपये, मोबाइलवर आलेल्या एका संदेशावरून लुबाडले गेले आणि त्यातला एक शिलिंगही आजवर परत मिळालेला नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आहे. बँकेचा ओटीपी मी कधी कोणाला सांगितलेला नाही, ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असले संदेश न वाचताच पुसत आले आहे. तेव्हा ‘शिकलेली माणसेही कशी फसतात’ असे म्हणून हे वाचणे सोडू नका. जे घडले ते अडाणीपणामुळे घडलेले नाही, येथली घर घेण्याची रीत आणि नवख्या माणसाची अडचण यांचा नेमका फायदा घेऊन ते घडवले गेले आहे.

येथे महिन्याच्या महिन्याला भाडे घेणारा घरमालक क्वचितच भेटतो. सहा महिन्यांचे, कधी वर्षाचे भाडे एकरकमी आगाऊ द्यावे लागते आणि घर दाखवणारा दलाल एका महिन्याच्या भाड्याइतके पैसे वेगळे घेतो. किहोंडा भागात मला दोन खोल्यांचे घर मिळाले. भाडे महिना २,५०,००० शिलिंग, म्हणजे सहा महिन्यांचे १५ लाख, आणि दलालाचे २,५०,००० निराळे. माझे मानधन महिना चार लाख शिलिंग. एवढी रक्कम मानधनातून उभी राहणे शक्यच नव्हते, म्हणून निवृत्तीच्या पैशातून आणलेले डॉलर मोडून मी ती मोबाइल खात्यात भरली. भारतात आपण जसे यूपीआय वापरतो तसे येथे एम-पेसा, एअरटेल मनी, हालोपेसा अशी मोबाइल खाती चालतात. भाजीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळे त्यावरच होते, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेल्या ‘वाकाला’कडे, म्हणजे एजंटाकडे, त्यातून रोख काढता येते. घरमालक दारेसलामला राहत होते. दलालाच्या फोनवरून त्यांच्याशी माझे एकदाच बोलणे झाले होते आणि तेव्हा ते म्हणाले होते की पैसे कसे द्यायचे ते कळवतो.

त्यांनी कळवण्याआधीच दुसऱ्याच कोणीतरी कळवले. दुपारच्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत बसले असताना अनोळखी नंबरवरून स्वाहिलीत संदेश आला. तो असा होता : ‘मीमी बाबा म्वेन्ये न्युंबा. इले हेला या कोदी इतुमे क्वेन्ये नांबा ही, जिना लिताकुजा...’ आणि पुढे एका बाईचे नाव. अर्थ असा, की मी घरमालक, ते भाड्याचे पैसे या नंबरवर पाठवा, नाव अमुक असे येईल.

हा संदेश मी त्यानंतर इतक्यांदा वाचला आहे की पाठ झाला आहे, आणि दर वेळी त्यात काय नाही तेच आधी दिसते. त्यात माझे नाव नाही. घर कोणते ते नाही. रक्कम नाही, महिने नाहीत, घरमालकाचे स्वतःचे नावही नाही. ‘ते भाड्याचे पैसे’ एवढेच आहे. असा संदेश हजारो नंबरांवर एकदम सोडला जातो. ज्याला कोणाला भाडे द्यायचे नसते तो पुसून टाकतो, पण त्याच आठवड्यात ज्याच्या डोक्यावर भाडे असते, तो आपले घर, आपला मालक आणि आपली रक्कम त्या मोकळ्या जागेत स्वतःच भरतो. आणि नावाची ती ओळ तर मुद्दाम घातलेली असते. पैसे पाठवताना पडद्यावर समोरच्याचे नाव येते आणि ते वेगळे दिसले की माणूस थबकतो, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून वेगळे नाव येणार हे ते आधीच सांगून ठेवतात. मग तेच नाव आले की संशय येण्याऐवजी उलट खात्रीच पटते.

मी काही डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. मी उलट विचारले. माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत लिहिले, ‘सहा महिन्यांचे पाठवू ना?’ ‘हो, सहा महिन्यांचे’ असे उत्तर आले आणि त्याला जोडून, ‘ना या कुतोलेआ’, म्हणजे एजंटाकडून पैसे काढताना लागणारे शुल्कही त्यातच घाला, १० हजार वाढवून पाठवा.

याच जागी मी थांबायला हवे होते. सहा हा आकडा त्याने सांगितला नव्हता, मीच त्याच्या हाती दिला होता. ‘किती महिन्यांचे?’ एवढाच प्रश्न विचारला असता तर त्याला उत्तर देता आले नसते. शिवाय, दारेसलामसारख्या शहरात राहणाऱ्या, पैसे खात्यातच ठेवता येतील किंवा बँकेत वळवता येतील अशा घरमालकाला लगोलग रोख काढण्याची एवढी घाई कशासाठी, हा प्रश्नही तेव्हाच पडायला हवा होता. पण येथे पैसे पाठवताना काढण्याचे शुल्क वर घालण्याची मागणी सर्रास होते. कामवाली मागते, शाळेचा शिपाई मागतो, माझ्यासोबतचे शिक्षकही एकमेकांकडे मागतात, आणि त्यामुळे ती ओळ मला खोटी न वाटता उलट अगदी इथल्या माणसाची वाटली. नाव बाईचे होते यातही मला काही वावगे दिसले नाही. आपल्याकडे किराणा दुकानात पैसे भरले की दुकानदाराच्या मुलाचे नाहीतर बायकोचे नाव पडद्यावर येते आणि आपण मुकाट्याने पुढे जातो. येथे तर एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांची सिमकार्डे असतात आणि त्यातले एखादे घरच्या दुसऱ्या माणसाच्या नावावर असते. मी आधी १० लाख पाठवले, ‘मिळाले, बाकीचे पाठवा’ असे उत्तर आल्यावर ५,१०,००० पाठवले, आणि घराचा प्रश्न मिटला म्हणून निर्धास्त मनाने फॉर्म टूच्या, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या, वर्गावर गेले.

संध्याकाळी दलालाने फोन करून विचारले की मालक भाड्याची वाट पाहत आहेत, कधी पाठवणार. त्या क्षणी मला काय झाले ते लिहिण्यात अर्थ नाही. या दलालाचा यात हात होता की नव्हता हे मला आजही कळलेले नाही. शाळेतले शिक्षक सांगतात की असल्या संदेशाला आतल्या माणसाची गरजच नसते. आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो, कारण दुसऱ्या दिवशी मी हकिगत सांगितली तेव्हा संपूर्ण शिक्षक-खोलीला तो संदेश तोंडपाठ होता. ‘हा तर आम्हाला सारखा येतो,’ असे एकेकाने आपापला फोन काढून दाखवले. भाड्याऐवजी कोणाला ‘ते पैसे’ एवढेच लिहिलेले, कोणाला मुलाच्या वसतिगृहाच्या नावाने. ज्या संस्थेमार्फत मी आले तिने मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र, वर्गात कोणता पोशाख चालतो, या सगळ्यावर जाडजूड पुस्तिका दिली होती. साऱ्या देशाला माहीत असलेल्या या एका संदेशाबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. झाल्या प्रकारावर संस्थेचे उत्तर आले की निवासाची व्यवस्था ही करारानुसार स्वयंसेवकाची स्वतःची जबाबदारी आहे.

मोबाइल कंपनीला मी लगेच फोन केला. पैसे आल्यापासून काही मिनिटांतच काढले गेले होते आणि खात्यात शिल्लक नसल्यामुळे व्यवहार उलटवता येत नाही, असे सांगण्यात आले. ते कोणत्या एजंटाकडून काढले हे त्यांच्या पडद्यावर दिसत असणारच, पण ते सांगायला नकार मिळाला, पोलिसांचे पत्र आणा म्हणाले. म्हणून हे लक्षात ठेवा, की चुकीच्या नंबरवर पैसे गेल्याचे कळले की आधी कंपनीला फोन करायचा, रडणे आणि चौकशा नंतर. पैसे खात्यात आहेत तोवरच काही आशा असते.

पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ऐकले ते असे, ‘पैसे तर तुम्ही स्वतःच पाठवलेत.’ त्यानंतर बराच वेळ चौकशी झाली ती माझी. स्वयंसेवकाला येथे क वर्गाचा निवास परवाना लागतो. माझा अर्ज दाखल झालेला होता, शुल्क भरल्याची पावती सोबत होती, पण परवाना अजून हातात आला नव्हता. चोरीची तक्रार द्यायला गेलेल्या बाईला तू या देशात कोणत्या हक्काने राहतेस हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागले. एका टप्प्यावर तक्रार मागे घेऊन निघून यावे असे मला वाटले, आणि अनेक परदेशी नवखे लोक नेमके याच भीतीने ठाण्याची पायरी चढत नसतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेवटी नोंदवहीचा क्रमांक मिळाला. तो घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका, कारण त्याच्याविना पुढे कोणीही तुमच्याशी बोलत नाही.

क्रमांक घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेले तर नुसता क्रमांक चालत नाही, तपास अधिकाऱ्याचे पत्र लागते असे कळले. ठाण्यात परत गेले तर हे सायबर विभागाचे काम आहे, तिकडे जा म्हणाले. सायबर विभागात पत्र देणारे अधिकारी जागेवर नव्हते. पुढे पत्र मिळाले, तेव्हा कंपनी म्हणाली की असे पत्र तक्रारदाराच्या हाती चालत नाही, ते पोलिसांकडून थेट दारेसलामच्या मुख्य कार्यालयात यायला हवे. पोलीस म्हणतात पाठवले आहे, कंपनी म्हणते आलेले नाही. मी दोघांच्या मध्ये वर्गांच्या तासिका बुडवून फिरते आहे, आणि बुडालेल्या प्रत्येक तासाचा जाब मात्र शाळा मला विचारते. घरी असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून त्याच क्षणी तक्रार नोंदवता आली असती. ती व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही, पण फोन कुठे करायचा हे तरी आपल्याला माहीत असते.

माझा प्रश्न अगदी साधा आहे. २०२० पासून या देशात बोटाचा ठसा दिल्याशिवाय सिमकार्ड चालू राहत नाही. नागरिकाला राष्ट्रीय ओळखपत्र द्यावे लागते, माझ्यासारखीला पासपोर्ट. मला स्वतःचे सिम घेताना ठसा उमटेना म्हणून दुकानदाराने बोट ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा यंत्रावर दाबायला लावले होते. इतक्या काटेकोरपणे नोंदवलेल्या नंबरामागचा माणूस पोलिसांना आणि कंपनीला सापडत नसेल, तर ते ठसे कशासाठी घेतले? ते सिम दुसऱ्या कोणाच्या नावावर फसवून काढले असेल, हे मला समजते. मग ज्या विक्रेत्याने ते काढून दिले त्याला तरी विचारा. ज्या एजंटाने एवढी मोठी रक्कम रोख मोजून दिली त्याला तरी विचारा. कोणी काहीही विचारलेले नाही.

येथे शासनाचे शुल्क भरताना कंट्रोल नंबर मिळतो आणि पैसे त्या क्रमांकावर थेट सरकारजमा होतात. परवान्याचे पैसे मी तसेच भरले आणि त्यात एका शिलिंगाचाही घोळ झाला नाही. परवान्याच्या कामात कोणी स्वतःच्या मोबाइलवर पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. घरभाड्याला असा क्रमांक नसतो, म्हणून भाडे घरमालकाच्या बँक खात्यातच भरा, करारावरचे नाव आणि खात्यावरचे नाव एकच आहे हे पाहून. करार मोहल्ल्याच्या सरकारी कचेरीत, म्हणजे सेरिकाली या म्ताआ येथे, घरमालक समोर असताना करा आणि पैसे देण्याची पद्धत त्यातच लिहून घ्या. मोबाइलवरूनच द्यायचे झाले तर आधी एक हजार शिलिंग पाठवा आणि संदेशावरच्या नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावून मिळाले का ते विचारा. भाषा कच्ची असेल तर सोबतच्या शिक्षकाला बोलायला लावा. संकोच करू नका, मी केला होता. असा संदेश आला की तो १५०४० या क्रमांकावर पुढे पाठवा. तो क्रमांक येथल्या दळणवळण नियामकाने यासाठीच ठेवला आहे आणि मला तो पैसे गेल्यानंतर कळला.

घरमालकांना पुन्हा भाडे द्यावेच लागले. विनंती केल्यावर त्यांनी तीन महिन्यांचे ७,५०,००० घ्यायचे मान्य केले, तेवढे मी गावाकडून मागवले. संस्थेला मी लेखी कळवले आहे की पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत तो संदेश मूळ स्वाहिलीत, जसाच्या तसा छापावा. ‘विचार करू’ असे उत्तर आले आहे. जानेवारीची तुकडी त्याआधीच येईल, म्हणून तो संदेश मी वर पूर्ण लिहिला आहे. त्याची प्रत काढून येणाऱ्या प्रत्येकाला विमानात बसण्यापूर्वीच द्या.