जुन्या पीसीसाठी ‘सिलिकॉन इमेज ३११४’ साटा कार्ड: कुणी घ्यावं, आणि लावताना नेमकं कुठे अडतं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये, निपाणी-चिकोडीच्या छापखान्यांत, खानापूर-हुक्केरीकडच्या लहान संस्थांच्या कचेऱ्यांत पेंटियम ४ चे पीसी अजून रोज चालू होतात. त्याला कारणं आहेत. सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवायला खरा सीरियल पोर्ट लागतो. जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरचं डोंगल प्रिंटर पोर्टलाच बसतं. मराठी-कन्नड लग्नपत्रिकांच्या पेजमेकर फाइली जशाच्या तशा तिथेच उघडतात. मशीन धडधाकट असतं, पण आतली ४० किंवा ८० जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टी-केबलची) डिस्क थकलेली असते. नवी आयडीई डिस्क आता बनत नाही, आणि जुन्या बाजारातली घेतली तर तीही तेवढीच झिजलेली निघते. मग मदरबोर्डवरच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं साटा कार्ड, म्हणजे नव्या जातीच्या डिस्का जोडून देणारं कार्ड, घ्यायचा विचार सुरू होतो.

या कामासाठी सिलिकॉन इमेजची ३११४ चिप असलेलं ४ पोर्टांचं कार्ड आमच्या मते अजूनही सगळ्यात भरवशाचं आहे. अट एकच: कार्डावरचा बायोस (सुरू होताना चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि विंडोजमधला ड्रायव्हर एकाच जातीचे हवेत. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं, आणि दोष मात्र कार्डाला लागतो.

कार्डाला हात लावण्याआधी एक तपासणी कराच. विंडोज एक्सपीचं मशीन अचानक गोगलगाय झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्रायमरी आयडीई चॅनल’चे गुणधर्म उघडा. चालू मोड ‘पीआयओ’ (जुनी, मंद पद्धत) दिसला तर डिस्क बदलायची घाई नको. डीएमए (डेटा थेट मेमरीत नेण्याची जलद पद्धत) व्यवहारात सहा चुका साचल्या की एक्सपी वेग एक पायरी खाली आणते. असं होत होत शेवटी पीआयओवर येऊन बसते आणि आपण होऊन परत वर जात नाही. तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं की वेग परत येतो. पुन्हा घसरला तर केबल बदला. ८० तारांची केबलच हवी: निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) ‘सी७’ हा आकडा वाढत असेल तर गडबड केबलची. ‘०५’ आणि ‘सी५’ वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच जातोय. तेव्हा डेटा उचला, आणि तो साध्या कॉपीने उचलू नका, लिनक्सच्या ‘डीडीरेस्क्यू’ने उचला. ते खराब जागा आधी वगळून चांगला भाग पदरात पाडून घेतं आणि मग उरलेल्या जागांवर परत येतं.

आता कार्ड. दुकानात, मग ते खडेबाजारातलं असो, कोल्हापूरचं असो की बेंगळुरूच्या एसपी रोडवरचं, खोक्यावरचं नाव वाचू नका, चिपवरचा आकडा वाचा. एकाच रंगाच्या खोक्यात तीन वेगळ्या चिपची कार्डं येतात. ३११२ म्हणजे दोन पोर्ट, ३११४ म्हणजे चार. दोन्ही सेकंदाला १.५ गिगाबिटची, पहिल्या पिढीची साटा. ३११२ ला एक जुनी खोड आहे: सीगेटच्या पहिल्या पिढीतल्या काही साटा डिस्कांशी लिहिताना ती अडखळते. लिनक्सच्या ड्रायव्हरला त्या डिस्कांसाठी एका वेळचं लेखन १५ सेक्टरांवर (डिस्कवरच्या लहान तुकड्यांवर) रोखावं लागतं, आणि त्यामुळे वेग पडतो. ३११४ ला ती मर्यादा लागत नाही. दोन्ही कार्डं समोर असतील तर दोनच डिस्क लावायच्या असल्या तरी ३११४ उचला.

दुसरी खूण म्हणजे कार्डावरची लहान फ्लॅश चिप. स्वस्तातल्या काही कार्डांवर ती जागा रिकामीच असते. असं कार्ड डेटाच्या डिस्कला चालेल, पण त्यावरून विंडोज सुरू होणार नाही, कारण बूटच्या वेळी डिस्क ओळखून देणारा बायोस त्या चिपमध्येच राहतो.

आणि आता मुख्य गोष्ट. या कार्डांसाठी दोन प्रकारचे बायोस निघाले, ‘रेड’ (अनेक डिस्का मिळून एक म्हणून चालवणारा) आणि ‘बेस’ (साधा). रेड बायोस असला की कार्ड विंडोजला स्वतःची ओळख रेड कंट्रोलर म्हणून सांगतं, बेस असला की साधा स्टोरेज कंट्रोलर म्हणून. ड्रायव्हरही त्याच दोन जातींचे आहेत. रेड बायोसच्या कार्डावर बेस ड्रायव्हर टाकायला गेलात तर विंडोज ‘योग्य ड्रायव्हर सापडला नाही’ म्हणते किंवा डिव्हाइसवर पिवळं चिन्ह कायम राहतं. बाजारात येणारी बहुतेक कार्डं रेड बायोसची असतात, आणि आपल्याला तर एकच डिस्क लावायची असते. म्हणून बेस बायोस चढवून घ्यावा हे उत्तम. डॉसच्या बूट फ्लॉपीवरून ‘अपडीफ्लॅश’ नावाची सिलिकॉन इमेजची छोटी उपयुक्तता चालवली की काम होतं. फ्लॅश चिप लिहून घेणारी नसेल तर उपयुक्तता तसं सांगते. मग कार्ड रेडच राहू द्या आणि ड्रायव्हरही रेडचाच घ्या. फ्लॅश करताना पीसी यूपीएसवर असलाच पाहिजे. अर्ध्यात वीज गेली तर कार्डाचा बायोस जातो.

बसवण्याचा क्रम उलटा केला की निळी स्क्रीन ठरलेली, ‘०एक्स७बी’ची. विंडोजचं म्हणणं असतं की ज्या डिस्कवर मी आहे तीच मला दिसत नाही. एक्सपीकडे या चिपचा ड्रायव्हर स्वतःचा नाही, त्यामुळे आधी क्लोन (डिस्कची हुबेहूब प्रत) आणि मग कार्ड असं केलं तर ती उठतच नाही. बरोबर क्रम असा. जुनी आयडीई डिस्क बूटला तशीच ठेवून कार्ड बसवा. एक्सपी सुरू करून ड्रायव्हर टाका आणि कार्डावरची नवी डिस्क विंडोजमध्ये दिसते हे पाहून घ्या. मग मशीन बंद करून क्लोनझिलाने जुनीवरून नवीवर क्लोन करा. शेवटी जुन्या डिस्कची केबल काढा आणि बायोसमध्ये बूटचा क्रम बदला. क्लोननंतर दोन्ही डिस्का लावून पहिल्यांदा सुरू केलंत तर ड्राइव्हची अक्षरं एकमेकांत अडकतात, आणि ती गुंतवळ सोडवायला नंतर बराच वेळ जातो.

बूटच्या क्रमात बऱ्याच अवॉर्ड बायोसमध्ये हे कार्ड ‘साटा’ नावाने सापडत नाही. ते ‘स्कझी’ (डिस्का जोडण्याची आणखी एक जुनी जात) म्हणून येतं. तिथे स्कझी पहिलं ठेवा. सुरू होताना कार्डाचा स्वतःचा संदेश पडद्यावर येतच नसेल तर दोन शक्यता आहेत. एक, जुन्या मदरबोर्डवर अशा जोड-बायोससाठी राखलेली मेमरी थोडी असते आणि लॅनवरून बूट करण्याचा रॉम ती खाऊन बसलेला असतो. तो बायोसमधून बंद करा. दोन, एजीपीला (ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला) लागून असलेला पीसीआय स्लॉट बहुधा ग्राफिक्सचाच इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधण्याची लाइन) वाटून घेतो. कार्ड एक-दोन स्लॉट खाली सरकवा.

एक्सपी नव्याने टाकायची असेल तर सुरुवातीला एफ६ दाबून ड्रायव्हर द्यावा लागतो, आणि तो फक्त फ्लॉपीवरून. पेनड्राइव्ह तिथे चालत नाही. चांगली फ्लॉपी आता शोधूनही मिळेना, म्हणून एनलाइटने ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीतच मिसळून घेणं सोपं पडतं. मिसळतानाही रेडचा की बेसचा हे पाहूनच.

वेगाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झच्या पीसीआयची कागदावरची कमाल सेकंदाला १३३ एमबी, आणि ती सगळ्या पीसीआय कार्डांत वाटली जाते. एसएसडी लावली तरी मोठी फाइल त्याहून वेगाने जाणार नाही. तरीही शोधाशोधीचा वेळ वाचत असल्यामुळे मशीन चपळ वाटतं, हे खरं. एनसीक्यू (मागण्या रांगेत लावून वेग वाढवणं) या चिपमध्ये नाही, आणि एक्सपीत ट्रिमही (एसएसडीला रिकाम्या जागा कळवणं) नाही. म्हणून एसएसडीचा थोडा भाग विभाग न पाडता मोकळा सोडावा. २०११ नंतरच्या बहुतेक मोठ्या डिस्का आतून ४ केबीच्या सेक्टरच्या असतात. एक्सपी पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, तो त्यांच्या मापात बसत नाही आणि लिहिणं मंदावतं. एक्सपी नव्याने टाकताना विभाग आधी जीपार्टेडमध्ये २०४८ व्या सेक्टरपासून पाडून घ्या. डिस्क २ टीबीपेक्षा मोठी घेऊ नका, एक्सपी आणि एमबीआरची (डिस्कवरच्या विभागांच्या जुन्या नोंदपद्धतीची) धाव तेवढीच. १३७ जीबीच्या पुढे जायला एक्सपीला किमान सर्व्हिस पॅक १ लागतो, तो नसेल तर आधी टाका.

याच कामाला बाजारात व्हिआच्या ६४२१ए चिपचं कार्डही मिळतं: दोन साटा आणि एक आयडीई पोर्ट. जुनी सीडी ड्राइव्हही त्यावर लावता येते, हा त्याचा मोठा फायदा. पण वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कांशी त्याचं जमत नाही, आणि कारण अगदी नेमकं माहीत आहे. कंट्रोलर ‘थांब’ म्हणाल्यावर डिस्कने जास्तीत जास्त ८० बाइट आणखी पाठवावेत अशी त्याच्या बफरची बेतणी असते. या डिस्का १६० पर्यंत पाठवतात, बफर भरून वाहतो आणि व्यवहार मोडतो. लिनक्समध्ये त्यावर उतारा घातलेला आहे. विंडोजवर ही जोडी टाळलेली बरी.

व्हिआचा दुसरा घोळ मदरबोर्डवरच भेटतो. पी४एम८०० चिपसेटच्या बोर्डांवर व्हीटी८२३७ किंवा ८२३७आर हा डिस्का सांभाळणारा कंट्रोलर असतो, आणि त्याच्या साटा पोर्टला ३ गिगाबिटच्या डिस्कशी वेग ठरवताच येत नाही. डिस्क दिसत नाही, किंवा बायोस तिच्या शोधात अडकून राहतो. डिस्कवर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो लावून ती १.५ ला बांधायची. वेस्टर्न डिजिटलच्या ३.५ इंची डिस्कवर ५ आणि ६ नंबरच्या पिना जोडतात. इतरांचं लेबल पाहा. एसएसडीवर असा जंपर नसतो, म्हणून तिथे बोर्डावरचा साटा बायोसमधून बंद करून ३११४ कार्ड लावणं हाच सरळ मार्ग.

इंटेलच्या ८६५ बोर्डवाल्यांनी मात्र कार्डावर पैसे घालू नयेत. त्यावरच्या आयसीएच५ चिपमध्ये दोन साटा पोर्ट आधीच आहेत. डिस्क दिसत नसेल तर बायोसमधली ‘कंबाइंड’ आणि ‘एन्हान्स्ड’ ही निवड तपासा. एक्सपीला एन्हान्स्ड चालतं, विंडोज ९८ ला कंबाइंडच लागतं, आणि कंबाइंडमध्ये आयडीई-साटा मिळून चारच उपकरणं दिसतात. ८४५ च्या बोर्डांवर आयसीएच२ किंवा आयसीएच४ असल्यामुळे साटा नाही, कार्डाची खरी गरज त्यांना.

पीसीआय स्लॉट मोकळाच नसेल, किंवा सीएनसीच्या पीसीवर नुसतं डॉस चालत असेल, तर जेएम२०३३० चिपचं आयडीई-साटा कन्व्हर्टर पुरतं. ड्रायव्हर नको, निळी स्क्रीन नाही. जंपर मास्टरवर ठेवा आणि त्या केबलवर दुसरं काही लावू नका. बोर्डाच्या बायोसची मर्यादा मात्र तशीच राहते, ३२ जीबीवर अडणारा जुना अवॉर्ड बायोस इथेही अडेल.

शेवटी वीज. जुन्या पॉवर सप्लायला साटाचं टोक नसतं, मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या टोकावरून) जोड घ्यावा लागतो. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या टोकाचा जोड घेऊ नका. त्यात तारा आतल्या आत चिकटून टोक जळाल्याचे प्रकार होतात. पिना उघड्या दिसणारा, दाबून बसवलेला जोड घ्या, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि कार्ड बसवायला पेटी उघडलीच आहे तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर पाहून घ्या. एखाद्याचंही डोकं फुगलं असेल तर आधी ते बदलून घ्या, कारण अशा बोर्डावर नवी डिस्कही मधूनच गायब होते आणि खापर कार्डावर फुटतं.