साडेनऊशेच्या पेटीला घड्याळ नाही : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात देवरूखच्या बाजारातून फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा, रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला. बॉक्सचे ९५० रुपये आणि ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हचे वेगळे. छत्री पडवीच्या पत्र्यावर आधीपासून होतीच. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आमच्याकडून आग्नेयेला. त्या दिशेच्या फणसाची एक फांदी तोडावी लागली, त्यावरून आई दोन दिवस धुमसत होती.

घेण्याचं कारण साधं. सह्याद्रीवर सातच्या बातम्या लागतात तेव्हा आई गोठ्यात असते. मी शनिवारी घरी येतो. रेकॉर्ड करून ठेवलं तर तिला जेवताना बघता येईल, एवढाच हिशेब होता. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, पेटी बंद ठेवली तरी पैसे बुडत नाहीत.

रेकॉर्डिंग जमतं, आणि चांगलं जमतं. बॉक्स येणारा प्रवाह जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर उतरवतो, त्यामुळे थेट बघताना दिसतं तितकंच स्वच्छ नंतरही दिसतं. साध्या वाहिनीला तासाला साधारण एक जीबी लागते. ड्राइव्ह लॅपटॉपला लावलात तर ‘अलीडीव्हीआरएस२’ अशा विचित्र नावाचं फोल्डर सापडेल. घाबरू नका, तो आतल्या चिपचा प्रताप. त्यात प्रत्येक कार्यक्रमाचं वेगळं फोल्डर, आणि त्यात ०००, ००१ असे तुकडे. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये सरळ चालतात. ड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. मोठे ड्राइव्ह एक्सफॅट करून विकतात, ते माझा बॉक्स ओळखतच नाही. त्याच्याच मेनूतून फॉरमॅट मारला की काम होतं. जुनी पोर्टेबल हार्डडिस्क लावून पाहिली, पण ती टिकटिक करत राहिली. एवढ्याशा पेटीच्या यूएसबीला तिचा भार पेलत नाही.

आता खरी गोष्ट. या पेटीला स्वतःचं घड्याळ नाही. वेळ उपग्रहाच्या सिग्नलमधून येते आणि तीही ग्रीनिचची. मेनूत साडेपाच तास पुढे करायचं असतं, ते मी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी टायमर लावला १९:०० चा. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन, “अरे, तुझ्या पेटीनं कुणाचंतरी गाणं धरलंय. बातम्या कुठायत?” पेटीने आपल्या हिशेबाने सातलाच सुरुवात केली होती. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. आईने ते गाणं मात्र पूर्ण ऐकलं.

ते निस्तरलं, तर लाइटचं आलं. आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नसते. बॉक्स स्टँडबायला असताना लाइट जाऊन आली की पुढच्या काचेवर नुसत्या आडव्या रेघा दिसतात. वेळ पुसली गेलेली, टायमर यादीत आहे पण उठवणार कोण? जोवर कुणी रिमोटने बॉक्स चालू करून सिग्नल धरू देत नाही, तोवर तो तसाच मख्ख. डिसेंबरात असे पाच दिवस गेले. आईला वाटायचं तिचंच काही चुकलं. ती रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला लागली होती.

उपाय सापडला तो वायफायच्या राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसमध्ये. बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा, यूपीएसही १२ चा, पिनही तीच. तुमच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते आधी वाचा, काही बारके बॉक्स ५ व्होल्टवर चालतात आणि त्यांना हा लावलात तर धूर निघेल. छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज बॉक्सच पुरवतो, त्यामुळे तिची वेगळी सोय लागत नाही. आता घरात मिट्ट काळोख, टीव्ही मेलेला, आई मेणबत्ती शोधतेय आणि कोपऱ्यात पेटी निवांत बातम्या गोळा करतेय असं दृश्य असतं. यूपीएस बॉक्सपेक्षा महाग पडला. तरी तो नसेल आणि तुमच्याकडे लाइट जात असेल, तर टायमरच्या भरवशावर हा बॉक्स घेऊ नका.

ट्यूनर, म्हणजे सिग्नल धरणारा भाग, एकच. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी बघायची तर ती त्याच ट्रान्सपाँडरवरची, म्हणजे उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या त्याच गटातली हवी. आम्हाला फरक पडत नाही. दोन माणसं आणि दोन मालिका असलेल्या घरात भांडण होईल.

एप्रिलमध्ये आणखी एक झटका. प्रसार भारती खासगी वाहिन्यांना फ्री डिशवरच्या जागा लिलावाने देते आणि त्यांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून त्या सुमारास यादी हलते. मी ऑटो स्कॅन मारला, म्हणजे वाहिन्या नव्याने शोधायला लावल्या, क्रमांक बदलले, टायमर मात्र जुन्याच क्रमांकाला चिकटून बसले. आठवडाभर बातम्यांऐवजी तेलाच्या जाहिराती रेकॉर्ड झाल्या. स्कॅन केलात तर टायमर पुसून नव्याने लावा, आणि आधी-नंतर पाच मिनिटं जास्तीची ठेवा.

पावसाचं काय, हे सगळ्यांनी विचारलं. कोकणातला पाऊस आणि केयू बँड (फ्री डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो तो पट्टा) यांचं जमत नाही, हे कुठलाही महाग बॉक्स बदलू शकणार नाही. सिग्नलची पट्टी ७० वरून ३० च्या खाली येते आणि चित्राचे चौकोन होतात. एलएनबीच्या जोडावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्हीकडे तारेने आवळला, तेव्हापासून निदान गंजाचा त्रास थांबला.

६ जुलैला आषाढी होती. विठ्ठलाची शासकीय महापूजा पहाटे दोन-अडीचच्या सुमारास असते आणि सह्याद्री ती थेट दाखवते. आई दरवर्षी गजर लावून उठायची आणि अभिषेकापर्यंत बसल्या जागी पेंगायची. यंदा पावणेदोन ते चारचा टायमर लावला आणि तिला झोप म्हटलं. रात्रभर कोसळत होतं. सकाळी आंघोळ करून ती टीव्हीपुढे बसली. मधली सात-आठ मिनिटं नुसते चौकोन, आवाज तुटलेला, मग एकदम स्वच्छ. दुधाचा अभिषेक चालला होता.

“थांबव,” ती म्हणाली.

मी पॉज दाबला. तिने निरांजन लावलं, ओवाळलं, हात जोडून डोळे मिटले. आणि या पेटीची आणखी एक खोड : पाचेक मिनिटं पॉजवर राहिली की पडदा काळा होतो आणि कंपनीचं नाव इकडून तिकडे उड्या मारायला लागतं. ते मेनूतून बंद करता येतं म्हणे, मला अजून सापडलेलं नाही. आईने डोळे उघडले तर समोर विठोबा नाही, पिवळं इंग्रजी नाव नाचतंय. मी रिमोटचं एक बटण दाबलं, तो परत आला. मग ती हसायला लागली.

ड्राइव्ह आता भरत आलाय. महापूजेचे दोन जीबी पुसायचे नाहीत असा हुकूम आहे. आणखी एक ३२ चा घ्यावा लागेल.